'चालू कंडिशन' म्हणजे नेमकं काय?
जुनी हाय-फाय यंत्रं घेणाऱ्या आणि विकणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

जुन्या ॲम्प्लिफायरच्या जाहिरातीत दोन शब्द ठरलेले असतात: 'चालू कंडिशन'. बहुतेक वेळा त्याचा अर्थ एवढाच, की बटण दाबलं की दिवा लागतो. विकणारा खोटं बोलतोच असं नाही. पेठेतला वाडा पाडायला निघतो, पोटमाळ्यावरचा संच खाली येतो, आणि घरातल्या कुणी तो पंधरा वर्षांत ऐकलेलाच नसतो. रविवार-बुधवारच्या जुन्या बाजारात तर प्लग लावून बघायची सोयही नसते. तिथे घेतलेली वस्तू बिघडलेली आहे असंच धरून भाव करावा.

आधी प्लग लावू नका

वर्षानुवर्षं बंद असलेला ॲम्प थेट भिंतीतल्या सॉकेटला लावणं ही सगळ्यात महाग पडणारी चूक. आतले वीज साठवणारे मोठे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सुकलेले असू शकतात. झुरळांनी घर केलेलं असतं, कधी उबेला आलेली पाल आत मेलेली असते. (हसू नका. मेन्सच्या दोन टोकांवर एकदम पाय पडले की पालही जाते आणि फ्यूजही.) त्याहून वाईट म्हणजे, फ्यूज सारखा उडतो म्हणून कुणीतरी त्याच्या जागी तांब्याची तार गुंडाळून ठेवलेली असते. मग फ्यूजऐवजी ट्रान्सफॉर्मर जळतो. प्लग काढलेला असताना मागचा फ्यूज होल्डर उघडून बघा. तार दिसली तर यंत्र तसंच आमच्या दुरुस्तीच्या दुकानात आणा.

दुकानात आम्ही असं यंत्र आधी बल्बवर घेतो. फेजच्या तारेत ६० वॅटचा जुना, तारेचा बल्ब सीरिजमध्ये लावायचा. एलईडी चालत नाही. स्विच दाबताच बल्ब भक्कन पेटतो आणि कपॅसिटर भरले की दोन-तीन सेकंदांत मंद होतो. मंद झाला तर पुढे जायचं. तसाच लखलखत राहिला तर आत शॉर्ट आहे, पण करंट बल्बने अडवल्यामुळे बाकीचं यंत्र वाचतं. हा प्रयोग घरी करू नका आणि झाकण उघडून आत हात तर मुळीच घालू नका. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो, आणि व्हॉल्व्हच्या ॲम्पमध्ये तो ३०० व्होल्टच्या वर असू शकतो.

घरी करता येईल अशी एक मोजणी

ॲम्प रोजच्या वापरातला असेल तर विकणाऱ्याच्या घरी साधा मल्टीमीटर घेऊन जा. स्पीकरच्या वायरी काढा, आवाज शून्यावर ठेवा, ॲम्प चालू करून १० मिनिटं थांबा. मीटर २०० मिलिव्होल्ट डीसीवर ठेवून त्याची दोन टोकं एकाच चॅनेलच्या लाल-काळ्या टर्मिनलना लावा, मग दुसऱ्या चॅनेलला. आकडा ५० च्या आत असेल तर निर्धास्त राहा. १०० च्या पुढे गेला तर दुरुस्तीचा खर्च भावातून वजा करा. मिलिव्होल्टऐवजी व्होल्ट दिसले तर त्या ॲम्पला स्पीकर जोडूच नका, त्याची कॉइल (आतलं तारेचं वेटोळं) जळेल. ज्या ॲम्पमध्ये प्रोटेक्शन रिले (बिघाड असेल तर स्पीकरची वाट तोडणारा स्विच) असतो, त्यात चालू केल्यावर काही सेकंदांनी 'टक्' असा आवाज यायला हवा. तो आला नाही तर टर्मिनलवरचं शून्य फसवं असतं, कारण रिलेने वाट बंद ठेवलेली असते.

त्यानंतर निदान अर्धा तास गाणं लावून बसा. थंड असताना गोड वाजणारा ॲम्प गरम झाल्यावर एक चॅनेल सोडतो, हा प्रकार नेहमीचा आहे. नॉब फिरवताना येणारी खरखर किरकोळ: आतल्या पट्टीवर धूळ बसलेली असते, कॉन्टॅक्ट क्लीनरने जाते. कुलपाबिजागऱ्यांना मारायचं तेल तिथे फवारू नका, त्याचा थर राहतो आणि धूळ अजून धरतो. गुणगुण मात्र नीट ऐका. आवाज शून्य केला तरी ती तेवढीच राहिली तर संशय फिल्टर कपॅसिटरवर. नॉबबरोबर वाढली तर बहुधा अर्थिंग किंवा वायरीचा दोष, जो स्वस्तात निघतो.

जपानी रिसीव्हरमध्ये एसटीके मॉड्यूल (आवाज वाढवणारा अख्खा भाग एकाच तुकड्यात) असेल तर 'नवीन टाकलंय' या वाक्याने खूश होऊ नका. या मॉड्यूलचे नकली नग बाजारात भरपूर आहेत. कोणतं टाकलं, कुठून आणलं, जुनं जपून ठेवलंय का, हे विचारा.

स्पीकर: बोट लावून बघा

जाळी काढा आणि कोनच्या (आवाज काढणाऱ्या पडद्याच्या) कडेच्या वळीला हळूच बोट लावा. रबर असेल तर लवचीक लागेल. फोम असेल आणि बोटाला काळा चिकटा आला किंवा कडा भुग्यासारखी सुटली, तर फोम गेला. दहा-वीस वर्षांत तो जातोच, दमट हवेत लवकर. हा दोष दिसायला भयंकर पण दुरुस्त होणारा आहे, म्हणून घासाघीस करायला उत्तम. नवीन फोम चिकटवताना कॉइल मध्यावर राहावी लागते; त्यासाठी ३० हर्ट्झचा बारीक सूर लावून कोन हलता ठेवतात आणि मग २४ तास सुकवतात.

खरी काळजी कॉइलची. दोन्ही हातांची बोटं कोनवर समोरासमोर टेकवून तो सारख्या दाबाने आत न्या. घासल्यासारखं 'खर्र' ऐकू आलं तर कॉइल भाजून फुगलेली किंवा सरकलेली. असे स्पीकर अनेकदा एखाद्या मंडपात दहा दिवस वाजलेले असतात. छोटा ॲम्प शेवटपर्यंत ताणला की सूर फाटतो आणि आधी ट्वीटर, म्हणजे उंच सुरांचा छोटा स्पीकर, जळतो.

मीटरने स्पीकरचा रेझिस्टन्स मोजला तर ८ ओहमच्या स्पीकरला साडेपाच ते सात दिसतो. दोन्ही स्पीकरचे आकडे जवळपास सारखे हवेत, नाहीतर एकाचा वूफर (खालच्या सुरांचा मोठा स्पीकर) बदललेला समजा. मात्र मीटर ट्वीटरबद्दल काहीच सांगत नाही, कारण क्रॉसओव्हरमधला (उंच आणि खालचे सूर वेगळे करणाऱ्या सर्किटमधला) कपॅसिटर डीसी अडवतो. त्यासाठी पुठ्ठ्याची नळी कानाला लावून प्रत्येक ट्वीटरजवळ ऐका. मेलेल्या ट्वीटरची जोडी वर्षभर वापरूनही मालकाला पत्ता नसतो.

परदेशातून आलेलं यंत्र

मागची पट्टी वाचा. जपानमधलं यंत्र १०० व्होल्टचं, अमेरिकेतलं १२०, आपल्याकडे २३०. व्होल्टेज बदलायचा स्विच नसेल तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो. तो पट्टीवरच्या वॅटच्या दीडपट तरी घ्या, म्हणजे ३०० वॅटला ५०० व्हीए क्षमतेचा.

टर्नटेबलच्या बाबतीत ट्रान्सफॉर्मर घेऊनही फसायला होतं. तो व्होल्ट बदलतो, हर्ट्झ नाही. एसी सिंक्रोनस मोटरचा वेग हर्ट्झवर ठरतो, आणि अशा मोटरचं अमेरिकन टर्नटेबल ६० हर्ट्झवर चालायचं. आपल्या ५० वर ते ३३⅓ ऐवजी मिनिटाला जेमतेम २७.८ फेरे घेतं. काळी चारचा गायक पांढरी चारात उतरतो! उपाय म्हणजे मोटरवर ५० हर्ट्झची, जाड व्यासाची पुली. क्वार्ट्झ लॉक असलेल्या डायरेक्ट ड्राइव्हला ही अडचण नाही. वेग तपासायला ॲपही नको: तबकडीच्या कडेला कागदाचा कपटा ठेवा आणि मोजा, तीन मिनिटांत बरोबर १०० फेरे व्हायला हवेत.

टर्नटेबल थेट ॲम्पच्या ऑक्स इनपुटला जोडून 'आवाज बारीक येतो' म्हणून परत आणणारेही असतात. मॅग्नेटिक कार्ट्रिजचा (सुई बसते त्या भागाचा) सिग्नल जेमतेम ५ मिलिव्होल्टपर्यंत असतो. त्याला फोनो इनपुट किंवा वेगळा फोनो प्रीॲम्प लागतो. जुन्या सिरॅमिक कार्ट्रिजला लागत नाही. सुई मात्र आधी तपासावी: तिची बारीक दांडी समोरून सरळ दिसायला हवी. शुअरने २०१८ साली कार्ट्रिज बनवणं बंद केलं, त्यामुळे त्यांच्या सुया आता दुसऱ्या उत्पादकांच्या घ्याव्या लागतात; कोणत्या मॉडेलला मिळते ते आधी विचारून मगच पैसे द्या.

पैसे

विकताना फोनवर घासाघीस न करणारा, 'मी फौजी आहे, माझा माणूस वस्तू उचलेल' म्हणणारा आणि क्यूआर कोड पाठवणारा ग्राहक भेटला की फोन ठेवा. यूपीआयवर पैसे घेण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही. पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करा, उशीर झाला की रक्कम अडवणं कठीण जातं.

आमच्याकडे आणताना

टर्नटेबलची थाळी काढून वेगळी बांधा, आर्मच्या मागचं काउंटरवेट काढा, आर्म मऊ दोऱ्याने बांधा, सुईवर टोपण. हे न करता रिक्षातून आणलेल्या टर्नटेबलच्या सुईची दांडी सिंहगड रोडवरच्या एका खड्ड्यात वाकते. स्पीकरचे कोन ओल्या फडक्याने पुसू नका. पावसात भिजत आणलेलं यंत्र दोन-तीन तास तसंच ठेवून मगच आम्ही वीज देतो, तेव्हा त्या दिवशी घाई नको. रिमोट, मूळ वायरी, मागच्या दुरुस्तीची पावती असेल ते सगळं बरोबर आणा, आणि यंत्र शेवटचं कधी वाजलं होतं ते जसं आठवतं तसं सांगा.