ग्रामसभा (मराठवाडा)

गावच्या मतदार यादीत नाव असलेल्या सर्वांची सभा म्हणजे ग्रामसभा. ७३व्या घटनादुरुस्तीने (अंमल २४ एप्रिल १९९३) तिला घटनेत स्थान मिळाले. महाराष्ट्रात ती १९५८च्या ग्रामपंचायत अधिनियमातील कलम ७ नुसार भरते. वर्षाला किमान चार सभा लागतात. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट व २ ऑक्टोबर या तारखा रूढ आहेत.

मराठवाड्यात घोडे अडते ते २६ जानेवारीला. बीड जिल्ह्यातले आणि शेजारच्या जिल्ह्यांतले ऊसतोड कामगार दिवाळीच्या आगेमागे बिऱ्हाडासह फडावर जातात, ते कारखाने बंद झाल्यावर, मार्च-एप्रिलमध्ये परततात. मधल्या काळात तांड्या-वस्त्यांवर म्हातारी माणसे तेवढी उरतात. त्यामुळे घरकुलाची यादी, रोजगार हमीची कामे, वस्तीचे पाणी हे विषय १५ ऑगस्ट किंवा २ ऑक्टोबरच्या सभेतच घ्यावेत. जानेवारीत घेतले, तर ज्यांच्यासाठी योजना आहे त्यांच्यामागे निर्णय होतो, आणि हा सरळ अन्याय आहे.

गणपूर्तीसाठी एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी कमी असेल तितकी माणसे हवीत. ती न भरल्यास सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही. खरी गळती इथेच आहे. पहिल्या दिवशी लोक येऊन परत जातात, पुढच्या सभेला मोजकेच उरतात व तेवढ्यांत ठराव होतो. म्हणून तहकूब सभेची तारीख, वेळ जागेवरच जाहीर करून घ्यावी आणि पुन्हा दवंडी द्यायला लावावी. ठराव सूचक-अनुमोदकाच्या नावासह सभेतच नोंदवहीत लिहून वाचून दाखवावा. कोऱ्या पानावर सही करू नये. नियमित सभेआधीची महिलासभाही बायकांना कामावरून परतता येईल अशा वेळी हवी, एरवी सह्या घरोघर फिरवून ती कागदावरच उरकते.

निवडणुकीच्या मतदार यादीतला गोंधळ वेगळा. ग्रामपंचायत, जिल्हा परिषदेची यादी विधानसभेच्या यादीवरून, ठरावीक तारखेला गोठवून, प्रभाग वा गटनिहाय फोडली जाते. प्रारूप यादीवरील हरकतींत चुकलेला प्रभाग वा गट दुरुस्त होतो, पण विधानसभा यादीत नसलेले नाव नव्याने चढत नाही. नवे मतदार नेमके याच टप्प्यावर धावपळ करतात आणि हात हलवत परततात. नाव नोंदवायला नमुना ६, पत्ता बदलायला वा दुरुस्तीला नमुना ८. १८ वर्षे पूर्ण झाल्याची तारीख आता १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर अशी चारदा धरली जाते. फडावर जाणाऱ्या घरांनी हे काम पावसाळ्यातच, गावी असताना, उरकलेले बरे.