शाब्दिक आणि अशाब्दिक संवाद

शब्दांतून होतो तो शाब्दिक संवाद, मग ते शब्द बोललेले असोत, लिहिलेले असोत की हातांनी केलेले. भारतीय सांकेतिक भाषेला स्वतःचे शब्द आणि व्याकरण आहे, म्हणून आवाज नसूनही ती शाब्दिकच. चेहरा, नजर, हातवारे, दोघांतले अंतर, आवाजाची पट्टी, बोलताना घेतलेला थांबा हे सारे अशाब्दिक.

‘संवादात शब्दांचा वाटा फक्त ७ टक्के’ असे सर्रास शिकवले जाते, ते चूक आहे. हा आकडा मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ च्या प्रयोगांतून आला. त्यांत सुटे शब्द, आवाजाचा सूर आणि चेहरा यांवरून आवड-नावड ओळखायची होती. कामाच्या सूचनांना तो लागू नाही.

शब्द आणि खुणा एकमेकांना कसे सावरतात, हे सोलापुरातल्या यंत्रमागाच्या शेडमध्ये नीट दिसते. खडखडाट सहज ९० डेसिबलच्या पुढे जातो आणि त्यात व्यंजने आधी बुडतात. मग कामगार ओठ वाचतो. पण ओठ मिटून होणारे प, ब, भ, म दिसायला सारखेच, आणि क, ग तर तोंडात मागे होतात, ते दिसतच नाहीत. ‘सात’ आणि ‘साठ’ यांत हमखास गफलत होते, म्हणून आकडा बोटांवर दाखवावा. सुताची धूळ नाकात जाऊ नये म्हणून रुमाल बांधला की ओठही झाकले जातात. अशा वेळी समोर जाऊन नजर मिळवावी, उजेड आपल्या चेहऱ्यावर येईल असे उभे राहावे, रुमाल क्षणभर खाली घ्यावा, तुटलेला धागा किंवा संपलेली कांडी (आडव्या धाग्याची गुंडाळी) दाखवावी आणि मगच बोलावे. ओरडू नये. ओरडताना तोंडाचा आकार बिघडतो आणि ओठ वाचणे उलट अवघड होते.

शहरात मराठीबरोबर कन्नड, तेलुगू, उर्दूही बोलली जाते. पूर्व भागात तर घरोघरी तेलुगू. भाषा अर्धवट कळत असली की माणूस मान हलवून वेळ निभावतो. शिवाय बाजूला डोलणारी मान कधी ‘हो’ असते, कधी ‘ऐकतोय, बोला’ एवढेच. औषधाच्या दुकानात ‘समजलं का?’ विचारले तर उत्तर बहुधा ‘हो’च येते. त्याऐवजी पाकिटे समोर मांडून ‘जेवणाआधीची कुठली, दाखवा बरं मावशी’ असे म्हणावे. बोट भलत्याच पाकिटावर गेले, तर तिथेच दुरुस्त करता येते.