तापलेला रस, थंड साचा

मोटारीच्या चाकाजवळ बसवलेल्या सेन्सरला आयुष्यभर चिखल, पाणी आणि हादरे सोसावे लागतात. त्याला नुसते डबीत बंद करून भागत नाही. डबीतली हवा तापली की प्रसरण पावून बारीक फटींतून बाहेर पडते. निवली की बाहेरची दमट हवा आत ओढली जाते. असे रोज थोडे थोडे बाष्प आत साठत जाते. सर्किट बोर्डावरच्या दोन वाहक पट्ट्यांमध्ये ओलाव्याचा पातळ थर धरला आणि त्यात क्षारांचा अंश मिसळला, की विद्युतदाबामुळे एका पट्टीचा धातू विरघळून दुसरीवर साचू लागतो. त्यातून झाडाच्या फांद्यांसारखे सूक्ष्म तंतू वाढतात आणि दोन्ही पट्ट्या जोडल्या गेल्या की शॉर्ट सर्किट होते.

म्हणून आत हवेला जागाच ठेवायची नाही, हा उपाय मला सर्वांत पटतो. पण बोर्डाभोवती थेट प्लास्टिक भरायचे कसे? नेहमीच्या इंजेक्शन मोल्डिंगमध्ये वितळलेल्या प्लास्टिकचा दाट रस साच्यात रेटायला शेकडो बार (1 बार म्हणजे साधारण वातावरणाएवढा) दाब लागतो. त्या रेट्याने बारीक तारा तुटतात, नाजूक भाग उखडतात. डबीत इपॉक्सी, म्हणजे दोन घटक मिसळल्यावर घट्ट होणारे रसायन, ओतले तर दाबाचा प्रश्न मिटतो. मात्र ते घटक अचूक प्रमाणात मिसळावे लागतात आणि ते घट्ट व्हायला बरेचदा कित्येक तास जातात.

लो प्रेशर मोल्डिंगने, म्हणजे कमी दाबाने साचा भरण्याच्या पद्धतीने, ही कोंडी फोडली ती पदार्थ बदलून. यात वापरतात ते पॉलिअमाइड नायलॉनच्याच कुळातले, पण वनस्पतिजन्य मेदाम्लांच्या जोडरेणूंपासून (दोन रेणू जोडून झालेल्या रेणूंपासून) बनवलेले. हे जोडरेणू आकाराने बोजड असल्याने पदार्थातल्या रेणूंच्या साखळ्या एकमेकींशेजारी नीट रचल्या जात नाहीत. त्यामुळे पदार्थ थंडपणी लवचीक राहतो, आणि साखळ्या आखूड असल्याने सुमारे 200 अंश सेल्सिअसला चांगला पातळ होतो. मग साचा भरायला बहुतेकदा थोडे बारच पुरतात. मोटारीच्या टायरमध्येही साधारण 2 ते अडीच बार हवा असते. कमी दाब ही या प्रवाहीपणाची देणगी आहे.

इथे एक रास्त शंका येते. बोर्डावरचे भाग जोडणारा मिश्रधातू, म्हणजे शिशाविरहित सोल्डर, 217 अंशांच्या आसपास वितळू लागतो, आणि काही वेळा रस त्याहूनही गरम असतो. मग सोल्डरचे जोड सुटत का नाहीत? कारण साचा थंड असतो, बहुधा ॲल्युमिनियमचा, पाण्याने निववलेला. रसाची उष्णता झपाट्याने साच्यात जाते. प्लास्टिक उष्णतेचे मंदवाहक असल्याने बोर्डाला चिकटलेला थर निवला की मागच्या रसाची उष्णता जोडापर्यंत सावकाशच पोहोचते. जोड तापतो, पण वितळण्याइतका नाही. लहान नग मिनिटभराच्या आत साच्याबाहेर काढता येतो. इथे रासायनिक क्रिया घडवायची नसते, फक्त निवू द्यायचे असते.

या कवचाला मर्यादाही आहेत. इंजिनाच्या अगदी जवळच्या उष्णतेत ते मऊ पडते, काही द्रावके त्याला खातात. मायक्रोफोनसारखा ज्याला हवा लागते असा भाग त्यात बुडवता येत नाही. आत खूप तापणारी चिप असेल तर उष्णता बाहेर काढायची वेगळी सोय हवी. आणि एकदा भरलेला बोर्ड दुरुस्तीसाठी उघडणे कठीण.

सगळ्यात जास्त लक्ष द्यावे लागते ते केबल बाहेर पडते त्या जागेकडे. पीव्हीसीच्या आवरणाला हे पॉलिअमाइड छान धरते. पॉलिथिनला मात्र नीट चिकटत नाही, आणि राहिलेल्या केसाएवढ्या फटीतून पाणी केशाकर्षणाने आत शिरते. तिथे आधी प्लाझ्मा (विद्युतभारित वायूचा झोत) फिरवून पॉलिथिनचा पृष्ठभाग चिकटण्याजोगा करून घेतात, नाहीतर सरळ केबलच बदलतात.