पेट्रोल भरताना कंपनी बघू नका, पंप बघा
(नाशिकमधल्या आमच्या दुचाकी-चारचाकी ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

गाडी सर्व्हिसिंगला सोडताना एक प्रश्न हमखास येतो : पेट्रोल कुठल्या कंपनीचं भरू? कुणाचा भरवसा फक्त सरकारी कंपन्यांवर असतो. कुणाला शेल किंवा जिओ-बीपीच्या चकचकीत पंपावर अ‍ॅव्हरेज वाढल्यासारखं वाटतं. कुणी नायराचा पंप दिसला की गाडी पुढेच नेतो. गर्दीत उभ्या उभ्या दिलेलं उत्तर अर्धंच राहतं, म्हणून हे लिहून ठेवलं आहे. आमचं मत आधीच सांगतो. साध्या पेट्रोलमध्ये कंपनीगणिक तुमच्या इंजिनाला कळेल एवढा फरक नसतो. फरक पडतो तो पंपापंपांत, आणि त्याचं कारण बहुतेक वेळा जमिनीखालच्या टाकीत सापडतं.

डेपोपर्यंतची गोष्ट

देशात विकल्या जाणाऱ्या पेट्रोलला भारतीय मानक ब्युरोची मानकं लागू आहेत. १ एप्रिल २०२० पासून सगळीकडे बीएस-६ (प्रदूषणाच्या मर्यादांचा सरकारी टप्पा) दर्जाचं पेट्रोल आलं. त्यात गंधक किलोमागे १० मिलिग्रॅमच्या आत हवं (बीएस-४ मध्ये ही मर्यादा ५० होती), आणि १५ अंश तापमानाला घनता घनमीटरमागे ७२० ते ७७५ किलोच्या दरम्यान हवी. हे आकडे इंडियन ऑइलला लागू आहेत तसेच शेललाही.

माल येतो कुठून तेही बघा. मनमाडजवळ पानेवाडी-नागापूर भागात तिन्ही सरकारी कंपन्यांचे डेपो, म्हणजे पेट्रोल साठवून टँकर भरायच्या जागा, आहेत. भारत पेट्रोलियमची मुंबईहून निघालेली पाइपलाइन मनमाडवरून पार दिल्लीजवळच्या बिजवासनपर्यंत जाते. प्रत्येक कंपनीची रिफायनरी प्रत्येक भागात असणं शक्य नाही, त्यामुळे कंपन्या एकमेकींकडून माल घेतात. शेलची तर भारतात रिफायनरीच नाही. पंपावरच्या पाटीचा रंग आणि आतलं पेट्रोल कुणी गाळलं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

ज्यांची मुलं इंग्लंडमध्ये आहेत ते सांगतात की तिथेही हाच वाद चालतो. टेस्को, अस्दासारख्या सुपरमार्केटच्या पंपांवर पेट्रोल स्वस्त मिळतं, म्हणून ते हलकं असणार असा समज. प्रत्यक्षात तिथल्या सगळ्याच पंपांना ईएन २२८ हे एकच मानक आहे. कंपनीचा म्हणून जो फरक असतो तो वरून घातलेल्या डिटर्जंट अ‍ॅडिटिव्हचा. आपल्याकडेही तसंच. हे अ‍ॅडिटिव्ह इंजेक्टर आणि इनटेक व्हॉल्व्हवर काजळी साचू देत नाही. त्याचा उपयोग खरा आहे, पण तो हजारो किलोमीटरनंतर दिसतो. एक टाकी भरून "गाडी पळायला लागली" असं कुणी म्हणालं तर आम्ही फक्त मान डोलावतो.

महागडं पेट्रोल कुणासाठी?

एक्सपी ९५, पॉवर ९५, स्पीड ही साध्याच्या वरची पेट्रोलं. लिटरमागे काही रुपये जास्त पडतात. ऑक्टेन म्हणजे पेट्रोलची ताकद नव्हे. प्लगच्या ठिणगीची ज्योत पोचण्याआधीच दाबाखालचं पेट्रोल आपोआप पेटू नये, म्हणजे इंजिन नॉकिंग (टकटक) करू नये, याचं ते माप. ज्या इंजिनात दाब जास्त, टर्बो आहे, त्याला जास्त ऑक्टेन लागू शकतो. तुमच्या गाडीला लागतो का, हे मॅन्युअलमध्ये किंवा पेट्रोलच्या झाकणाच्या आतल्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. तिथे ९१ लिहिलं असेल तर ९५ ने इंजिनाला काही मिळत नाही. अ‍ॅक्टिव्हा, स्प्लेंडर, वॅगन-आरवाल्यांनी ते पैसे इंजिन ऑइल वेळेवर बदलण्यावर खर्च करावेत. साधं आणि ९५ एकत्र झालं तर काही बिघडत नाही, टाकी रिकामी करत बसू नका.

"९५ मध्ये इथेनॉल नसतं" म्हणूनही काही जण ते भरतात. असतं. इथेनॉलशिवायचं म्हणून १०० ऑक्टेनचं पेट्रोल ओळखलं जातं. ते मोजक्याच पंपांवर मिळतं आणि साध्याच्या जवळपास दीडपट दराने. रोज कामावर जायच्या गाडीसाठी तो हिशोब आम्हाला पटत नाही.

इथेनॉलबद्दल थोडं सविस्तर

गेल्या काही वर्षांत पेट्रोलमध्ये खरा बदल झाला तो इथेनॉलचा, आणि तो सगळ्या कंपन्यांत सारखाच झाला. २०२२ मध्ये सरासरी १० टक्क्यांचा टप्पा गाठला, आणि २०३० साठी ठेवलेलं २० टक्क्यांचं लक्ष्य अलीकडे ओढून २०२५ मध्येच पूर्ण केलं. उसाचा रस, मळी, मका, तांदूळ यांपासून ते बनतं, त्यामुळे आपल्या जिल्ह्यातल्या ऊसवाल्या ग्राहकांसमोर आम्ही त्याबद्दल जपूनच बोलतो!

इथेनॉलचा ऑक्टेन पेट्रोलपेक्षा जास्त, पण जळताना मिळणारी ऊर्जा लिटरमागे सुमारे एक तृतीयांशाने कमी. म्हणून अ‍ॅव्हरेज थोडं घटतं. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातला अंदाज असा : मुळात इथेनॉलविना चालायला बनवलेल्या आणि १० टक्क्यांसाठी ट्यून केलेल्या चारचाकीत ६ ते ७ टक्के घट, तशाच दुचाकीत ३ ते ४ टक्के, आणि १० टक्क्यांसाठी बनवून २० साठी ट्यून केलेल्या चारचाकीत १ ते २ टक्के. म्हणजे ५० चं अ‍ॅव्हरेज देणारी जुनी मोटरसायकल ४८ वर येऊ शकते. ती ३८ वर आली असेल तर इथेनॉलला बोल लावू नका, गाडी दाखवायला आणा. टायरमध्ये हवा कमी असते, ब्रेक घासत असतो, एअर फिल्टर चोक असतो.

साधारण एप्रिल २०२३ नंतर बनलेल्या गाड्यांचे पाइप आणि रबरी भाग २० टक्के इथेनॉल सोसतील असे असतात. त्याआधीच्या, विशेषतः कार्बोरेटरच्या गाड्यांमध्ये पेट्रोलचा पाइप फुगणं किंवा कडक होणं, ओ-रिंग आणि फ्लोटची नीडल खराब होणं, टाकीला आतून गंज लागणं, हे होऊ शकतं. अशा गाड्यांचा पाइप आम्ही प्रत्येक सर्व्हिसिंगला बघतो. बदलावा लागला तर खर्च फार नाही, पण तडकलेला पाइप तसाच ठेवून गाडी वापरू नका, आगीशी गाठ आहे.

गाडी महिना-दोन महिने उभी राहणार असेल तर कार्बोरेटरच्या गाडीचा पेट्रोल कॉक बंद करून, कार्बोरेटरमधलं पेट्रोल संपून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत ते चालू ठेवा. लोखंडी टाकी अर्धी रिकामी ठेवण्यापेक्षा भरलेली बरी, आत दमट हवेला जागा कमी राहते.

आता पाण्याचं. इथेनॉल पाणी ओढून घेतं. पूर्वी टाकीत थोडं पाणी गेलं तर ते तळाशी वेगळं पडून राहायचं. आता थोडं पाणी इथेनॉलमध्ये मिसळून जातं आणि गाडी कदाचित कुरकुरही करत नाही. पण मर्यादेबाहेर गेलं की पाणी आणि इथेनॉल मिळून पेट्रोलपासून फुटतात आणि जाड थर होऊन तळाशी बसतात. गाडीतला फ्युएल पंप पेट्रोल ओढतो तो तळाजवळूनच. मग गाडी मिसिंग करते, पंपावरून निघून काही अंतरावर बंद पडते, किंवा रात्री नीट उभी केलेली सकाळी चालूच होत नाही.

याच गोष्टीवरून मोबाइलवर व्हिडिओ फिरतात. बाटलीत पेट्रोल घेतात, त्यात पाणी ओततात, हलवतात, आणि ओतलं त्यापेक्षा जास्त "पाणी" खाली दिसलं की पंपवाल्याच्या नावाने बोंब. खाली दिसतं ते पाण्याने ओढून घेतलेलं इथेनॉल. २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये असं व्हायलाच हवं. पाणी न घालता बाटलीत खाली थर दिसला, तर मात्र तक्रार खरी.

मग पंपापंपांत फरक कशाने?

डेपोतून निघालेला टँकर पंपावरच्या भूमिगत टाकीत रिकामा होतो आणि तिथून पुढे सगळं त्या पंपाच्या शिस्तीवर. टाकीच्या मॅनहोलचं झाकण आणि भरायच्या पाइपचं तोंड घट्ट नसेल तर पावसाळ्यात पाणी झिरपतं. रोज डिप रॉडला (टाकीत सोडायच्या मोजकाठीला) पाणी शोधायची पेस्ट लावून टाकीचा तळ तपासायचा असतो, काही पंप ते मनापासून करतात, काही वहीत नुसती नोंद करतात. डिस्पेन्सरमधला (गाडीत पेट्रोल भरायच्या यंत्रातला) फिल्टर वेळेवर बदलला नाही तर तळाचा गाळ आणि गंज तुमच्या टाकीत येतो. आणि खप. जिथे सतत टँकर येतो तिथलं पेट्रोल ताजं असतं. आडबाजूच्या कमी खपाच्या पंपावर तेच पेट्रोल बरेच दिवस पडून राहतं आणि पाण्याला आत शिरायला वेळ मिळतो.

म्हणून आमचा सल्ला : वर्दळीचा, स्वच्छ, बिल न मागता देणारा पंप निवडा, मग तो कुठल्याही कंपनीचा असो. शक्यतो त्याच पंपावर भरत जा, म्हणजे काही बिघडलं तर शोध लागतो. मुसळधार पावसात आवारात पाणी तुंबलं असेल तर दुसरा पंप गाठा. टँकर रिकामा होत असताना तळाचा गाळ ढवळला जातो, हे ऐकलं असेल. त्यात तथ्य आहे, पण ओढणारा पाइप तळापासून थोडा वर असतो आणि पुढे फिल्टर असतो. घाई नसेल तर थांबा, असेल तर भरा.

पहाटे थंडीत भरलं की जास्त पेट्रोल मिळतं हा मात्र निव्वळ गैरसमज. टाकी जमिनीखाली असते, तिथलं तापमान दिवसभरात फारसं हलत नाही. शंभरऐवजी एकशे दहाचं भरण्यानेही काही हाती लागत नाही.

भेसळीचं काय?

नाशिककरांना हा विषय सांगायला नको. २५ जानेवारी २०११ रोजी मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना मनमाडजवळ तेलमाफियांनी जिवंत जाळलं. त्या काळी रेशनचं निळं रॉकेल आणि पेट्रोल-डिझेल यांच्या दरात एवढी तफावत होती की भेसळ हा मोठा धंदा झाला होता. पुढे रॉकेलवरचं अनुदान संपत गेलं आणि रेशनचा पुरवठाही आटला, तसं रॉकेल मिसळण्यातलं आमिष कमी झालं. सॉल्व्हंटची भेसळ अजून पकडली जाते, त्यामुळे डोळे उघडे ठेवावेत. रॉकेलने ऑक्टेन घसरतो : चढावर इंजिन टकटक करतं, धूर येतो, प्लग काळा पडतो. पण काळा प्लग बघून लगेच भेसळीचा निष्कर्ष काढू नका, एअर फिल्टर तुंबला तरी प्लग काळाच होतो.

मापातली लबाडी वेगळी. २०१७ मध्ये ठाणे पोलिसांनी राज्यभर छापे घातले ते माप मारण्यासाठी डिस्पेन्सरमध्ये बसवलेल्या चिपवरून, तिथे पेट्रोल चोख होतं की नाही हा मुद्दाच नव्हता.

पंपावर तुम्ही काय मागू शकता

फिल्टर पेपर मागा, तो पंपावर असायलाच हवा. नोझलचं तोंड पुसून एक थेंब टाका. शुद्ध पेट्रोल सुमारे दोन मिनिटांत डाग न ठेवता उडून जातं. फिकट गुलाबी छटा राहिली तर ती पेट्रोलच्या रंगाची, तिची चिंता नको. तेलकट डाग राहिला तर संशय घ्या. या तपासणीत पाणी कळत नाही, हेही लक्षात ठेवा.

मापाची शंका असेल तर वैधमापन विभागाचा शिक्का असलेलं पाच लिटरचं माप मागा. पाच लिटरला २५ मिलिलिटरपर्यंतचा फरक चालतो.

घनता पंपावर लिहिलेली असते आणि मागितली तर मोजूनही दाखवतात. टँकरच्या चलनावरची घनता आणि पंपावरची, यांत ३ एककांपेक्षा जास्त फरक नसावा. एक मेख आहे. हायड्रोमीटर (घनता मोजायचं साधन) त्या क्षणाच्या तापमानाचा आकडा दाखवतो, लिहिलेला आकडा १५ अंशांचा असतो. एप्रिलच्या दुपारी ३५ अंशांना ७४५ चं पेट्रोल ७२८ च्या आसपास दिसेल. तक्ता लावून रूपांतर करायला सांगा, त्याआधी भांडू नका.

पेट्रोल भरल्यावर लगेच गाडी बिघडली तर

पुन्हा पुन्हा स्टार्टर मारू नका, तळातलं पाणी इंजेक्टरपर्यंत ओढलं जातं. आम्हाला फोन करा, गाडी ढकलत किंवा टो करून आणा. टाकी उतरवण्याआधी तुमच्यासमोर काचेच्या बाटलीत नमुना काढू. थर दिसला तर फोटो, बिल आणि वेळ लिहून त्याच दिवशी पंपाच्या तक्रारवहीत नोंद करा. कंपनीच्या अधिकाऱ्याचा नंबर पंपावर लावलेला असतो, त्यालाही कळवा. बिल नसेल तर तक्रार पुढे सरकणं अवघड जातं, म्हणून ऑनलाइन पैसे दिले तरी पावती घ्या. टाकी, फिल्टर आणि इंजेक्टर साफ केल्याचं आमचं बिल आम्ही कारणासह लिहून देतो, म्हणजे पंपाकडे भरपाई मागताना ते दाखवता येईल. थर दिसला नाही तर तसंही लेखी देतो.

पेट्रोलमध्ये ओतायच्या क्लीनरच्या बाटल्या आमच्याकडे आहेत, पण ग्राहकाने मागितल्याशिवाय आम्ही त्या बिलात लावत नाही. इंजेक्टर खरंच तुंबला असेल तर तो काढून मशीनवर साफ करणं जास्त खात्रीचं.