पूर्वाध्ययन मान्यता : कोकण किनारा

शाळा, महाविद्यालय किंवा प्रशिक्षणसंस्थेबाहेर, म्हणजे कामावर, घरच्या धंद्यात किंवा जाणत्याच्या हाताखाली, प्रौढ व्यक्तीने मिळवलेले ज्ञान व कौशल्य तपासून त्याला नोकरी, परवाना अथवा पुढील शिक्षणासाठी अधिकृत मान्यता देण्याची पद्धत. नवे शिकवणे हा तिचा मुख्य हेतू नसतो. अंगी असलेले काम कितपत येते, एवढे ती ठरवते. प्रस्तुत नोंद पालघर ते सिंधुदुर्ग या पट्ट्यापुरती आहे. या पट्ट्यात अनुभवाला कागद देण्याची रीत जमिनीवरच्या धंद्यांच्या बऱ्याच आधी समुद्रावर रुजली, म्हणून नाविक कामांचा विचार येथे विस्ताराने केला आहे.

उगम. या पद्धतीच्या उगमाबद्दल एकमत नाही. एका मतानुसार तिचा आरंभ अमेरिकेत झाला. दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांच्या लष्करी प्रशिक्षणाला शैक्षणिक श्रेयांक (क्रेडिट) देण्याची व्यवस्था तेथे उभी राहिली आणि १९७४ नंतर अनुभवाधिष्ठित अध्ययनाच्या मूल्यांकनाला संस्थात्मक रूप आले. दुसरे मत फ्रान्सकडे बोट दाखवते. तेथे १९३४ च्या कायद्याने, पदवी नसलेल्या पण प्रत्यक्ष काम केलेल्या व्यक्तीस परीक्षेअंती अभियंता ही उपाधी मिळू लागली. २००२ च्या कायद्याने हाच हक्क इतर बहुतेक व्यवसायांना लागू झाला. प्राचीन भारतातील श्रेणींपर्यंत (एकाच धंद्यातील लोकांच्या संघांपर्यंत) हा धागा नेण्याचाही प्रयत्न होतो. मात्र श्रेणीचे सदस्यत्व बहुधा जन्म व कुल यांवर ठरे, व्यक्तीच्या स्वतंत्र परीक्षेवर नव्हे. त्यामुळे ते मत येथे बाजूला ठेवले आहे.

किनाऱ्याच्या दृष्टीने तिसरे मत अधिक ग्राह्य वाटते. ब्रिटनच्या १८५० च्या व्यापारी नौकानयनविषयक कायद्याने दोन प्रकारची प्रमाणपत्रे निर्माण केली : परीक्षा देणाऱ्यास क्षमता प्रमाणपत्र आणि कायदा अमलात येण्यापूर्वीच कप्तान किंवा मेट (कप्तानाच्या हाताखालचा अधिकारी) म्हणून काम केलेल्यास सेवा प्रमाणपत्र. यावर असा आक्षेप घेतला जातो की, सेवा प्रमाणपत्र ही जुन्या लोकांना दिलेली तात्पुरती सवलत होती. तीत कौशल्याचे मूल्यमापन नव्हते. आक्षेप निराधार नाही. तथापि त्या सवलतीसाठीही केलेल्या सफरींचा पुरावा लागे आणि मिळालेला कागद जहाज चालवण्यापुरता परीक्षेच्या कागदाइतकाच चाले. शिवाय क्षमता प्रमाणपत्राच्या परीक्षेला बसण्यासाठीही आधी समुद्रावर ठरावीक काळ काढलेला असणे भाग होते. आजच्या पूर्वाध्ययन मान्यतेतील सेवेचा दाखला व तोंडी परीक्षा ही दोन्ही अंगे तेव्हाच एकत्र आली, असे म्हणता येते.

भारतात खाड्या व नद्यांतील वाफेच्या बोटींसाठी १८८४ आणि नंतर १९१७ चा कायदा आला. त्यांतून मास्टर, सारंग (खलाशांचा प्रमुख), इंजीनड्रायव्हर या दर्जांची प्रमाणपत्रे रूढ झाली. १९१७ च्या कायद्याची जागा आता २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्याने घेतली आहे.

नाविक कामे. रत्नागिरी व कुलाबा (आताचा रायगड जिल्हा) भागांतील खलाशी मुंबई बंदरातून परदेशी कंपन्यांच्या जहाजांवर जात. भरतीत सारंगाचा शब्द चाले. गावच्या पोराला दोरखंड हाताळता येतो की नाही, हे तोच सांगे. ही मान्यता तोंडी होती आणि तीत वशिला व दस्तुरी (दलाली) यांना भरपूर वाव होता, हे नोंदवणे आवश्यक आहे. तिला लेखी जोड मिळाली ती खलाशाच्या नोंदवहीची. किनाऱ्यावर तिला ‘नली’ म्हणतात. प्रत्येक सफरीअखेर तीत कामातील कुवत व वर्तणूक यांचे शेरे पडत आणि त्यांवर पुढची नोकरी अवलंबून राही. शाळेचे तोंड न पाहिलेल्या अनेकांच्या हातचा हा एकमेव गुणपत्रक म्हणावा असा कागद होता.

दाभोळ, जयगड यांसारख्या खाड्यांतील फेरीबोटी व लाँचेस यांवरील सारंग आणि ड्रायव्हर यांच्या परीक्षा महाराष्ट्र सागरी मंडळाच्या (स्थापना १९९६) कक्षेत येतात. डेकवर किंवा इंजिनावर काढलेली वर्षे ही त्यांची पात्रता. तोंडी परीक्षेत मुख्य भर मार्गनियमांवर असतो. रात्री समोर तांबडा व हिरवा असे दोन्ही दिवे एकदम दिसले आणि वर पांढरा असला, तर समोरची यांत्रिक बोट सरळ अंगावर येत आहे, असे उमेदवाराने ओळखायचे आणि आपली बोट उजवीकडे वळवायची. नुसता तांबडा दिसल्यास तिची डावी बाजू आपल्याकडे आहे. ही उत्तरे वर्षानुवर्षे खाडीत वावरलेल्यास सुचतात, पण परीक्षकाला हव्या त्या शब्दांत सांगता येतातच असे नाही. उलट उधाण (अमावस्या-पौर्णिमेची मोठी भरती) आणि भांग (अष्टमीच्या सुमाराची लहान भरती) यांत पाण्याची ओढ कशी बदलते, मतलई (जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा वारा) कधी सुटते, कुठल्या टप्प्यात तळाशी खडक आहे व कुठे चिखल, हे तांडेलाचे (होडीच्या म्होरक्याचे) खरे भांडवल अशा परीक्षेत अभावानेच विचारले जाते.

मासेमारीत चित्र वेगळे आहे. मत्स्यव्यवसाय खात्याच्या सागरी मत्स्यव्यवसाय, नौकानयन व डिझेल इंजीन देखभाल प्रशिक्षणासाठी उमेदवार क्रियाशील मच्छीमार असावा, त्याला पोहता यावे, अशा अटी असतात. म्हणजे अनुभव हा प्रवेशाचा उंबरठा आहे. तो ओलांडल्यावर अभ्यासक्रम मात्र सर्वांना सारखाच. रापणीसारख्या सामूहिक मासेमारीत कौशल्य एका माणसाचे नसतेच. थवा हेरणारा, होडीतून जाळे सोडणारे आणि किनाऱ्यावरून दोर ओढणारे यांची वेगवेगळी परीक्षा घ्यायची कशी, हा प्रश्न व्यक्तिगत प्रमाणपत्राच्या चौकटीत बसत नाही.

जमिनीवरील कामे. आंब्याचे कलम बांधणारे, माडावर चढणारे पाडेली, चिरेखाणीतील कामगार, जांभ्याचे गवंडी हे मुख्य गट. कोय कलमाचे उदाहरण बोलके आहे. पावसाळ्यात कोयीतून आलेले, पाने अद्याप तांबूस असलेले कोवळे रोप घेऊन त्याचा शेंडा छाटतात, मधोमध उभी चीर देतात आणि हापूसच्या काडीला पाचरीसारखा आकार देऊन तीत बसवतात. वरून प्लॅस्टिकची पट्टी गुंडाळतात. या पद्धतीचा शास्त्रीय पाठपुरावा दापोलीच्या कृषी विद्यापीठाने (स्थापना १९७२) केला. परंतु मूल्यमापक समोर उभा असताना बांधलेले कलम जगले की नाही, हे कळायला काही आठवडे जावे लागतात. एका दिवसाच्या परीक्षेत हाताची सफाई दिसते, निकाल दिसत नाही. पाडेल्याची गोष्ट याउलट आहे : शहाळे, अडसर (अर्धवट तयार नारळ) आणि तयार नारळ तो टिचकीच्या आवाजावरून ओळखतो, आणि ते तिथल्या तिथे फोडून तपासता येते. नारळ विकास मंडळाने २०११ मध्ये माडावर चढणाऱ्यांसाठी योजना सुरू केली. तिचा भर मात्र शिडीयंत्रावरील प्रशिक्षण व अपघात विमा यांवर राहिला.

शासकीय चौकट. राष्ट्रीय पातळीवर २००७ च्या कौशल्य विकास उपक्रमात अनौपचारिकपणे शिकलेल्यांची थेट चाचणी घेण्याची सोय होती, म्हणून जमिनीवरील धंद्यांपुरता तोच भारतातील आरंभ मानणे योग्य. २०१५ च्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेने ती सर्वदूर नेली. दरम्यान २७ डिसेंबर २०१३ रोजी राष्ट्रीय कौशल्य अर्हता चौकट अधिसूचित झाली. योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात मूल्यमापनापूर्वी १२ तासांचे उद्बोधन आणि गरजेप्रमाणे ६८ तासांचा पूरक वर्ग, असा आराखडा होता. २०२३ च्या राष्ट्रीय श्रेयांक चौकटीत अनुभवाला भार देण्यात आला. सात वर्षांहून अधिक अनुभव असल्यास मिळवलेले श्रेयांक दुपटीपर्यंत जातात. आठ वर्षे काम केलेला खलाशी आणि चाळीस पावसाळे पाहिलेला तांडेल या हिशेबात एकाच रकान्यात येतात.

शिक्षणातील प्रवेश. दहावी-बारावीसाठी सतरा नंबरचा फॉर्म सर्वपरिचित आहे. त्याने हजेरीची अट टळते, अनुभवाचे गुण मिळत नाहीत. म्हणून त्याला पूर्वाध्ययन मान्यता म्हणणे सैल ठरेल. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचा (१९८९) पूर्वतयारी अभ्यासक्रम तिच्या अधिक जवळ जातो, कारण बारावी नसलेल्या प्रौढाला त्यातून पदवीचे दार उघडले.

स्त्रियांची कामे. मासळी निवडणे, खारवणे, सुकवणे, बाजारात भाव ठरवणे ही कामे बव्हंशी घरच्या धंद्याचा भाग म्हणून होतात. अनुभवाचा पुरावा म्हणून मालकाचा दाखला मागितला की, ज्यांचा मालक सासरा किंवा नवराच आहे, त्यांची अडचण होते. बचत गटाच्या नोंदवह्या अशा वेळी पुरावा म्हणून पुढे करता येतात. पण त्यांत बचत व कर्जाचा हिशेब असतो, कोणी काय काम केले याचा नसतो.