गळती थांबली की पाऊस थांबला?

७ डिसेंबर २०२५ ची रात्र. मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवर फुटबॉलच्या सुपर कपचा अंतिम सामना झाला, आपला एफसी गोवा विरुद्ध ईस्ट बंगाल. १२० मिनिटं ०-०, मग शूटआउटमध्ये गोवा ६-५ ने जिंकला. फोंड्याला परतताना आम्ही रोस ऑम्लेटच्या गाड्यावर थांबलो. धसमुसळ्या संघांसमोर गोव्याचा बचाव गळतो, ही आमच्याकडची जुनी तक्रार. मामेभाऊ पाव रश्शात बुडवत म्हणाला, "बघितलंस? १२० मिनिटं एक गोल खाल्ला नाही. आता कसल्याही दांडग्या टीमला आपला डिफेन्स पुरून उरेल. विषय संपला."

मी विचारलं, "आजीच्या घराचं छप्पर मे महिन्यात कधी गळलेलं आठवतं तुला?"

त्याने उत्तर दिलं नाही, अजून एक पाव मागितला.

मे महिन्यात फुटक्या कौलांचं छप्पर गळत नाही आणि नीट शाकारलेलंही गळत नाही. खाली झोपलेल्याला दोन्ही सारखीच कोरडी. गोल न खाणं आणि बचाव दुरुस्त होणं यांचंही तसंच आहे. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात दोन्हींपुढे शून्यच छापलेलं असतं. पण गोल न खाण्याची कारणं ढीगभर निघतात. समोरच्याचा मुख्य आघाडीवीर जखमी असतो, आपल्या गोलरक्षकाचा दिवस असतो, चेंडू खांबाला लागतो, किंवा चेंडू आपल्याच पायांत राहिल्यामुळे समोरच्याला हल्ला करायला वेळच मिळत नाही. बचाव दुरुस्त झाला असं म्हणायला मात्र एकच गोष्ट लागते. ज्या तऱ्हेच्या चेंडूवर पूर्वी गोल बसायचा, तसाच चेंडू तेवढ्याच जोराने पुन्हा यावा आणि या वेळी बसू नये.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही, एप्रिल २०२१ मध्ये शिकलो. एएफसी चॅम्पियन्स लीगच्या, म्हणजे आशियातल्या क्लबांच्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेच्या, गटात खेळणारा एफसी गोवा हा पहिला भारतीय क्लब. सामने फातोर्ड्यातच होते, पण कोविडमुळे स्टँड रिकामे आणि आम्ही घरी टीव्हीसमोर. पहिला सामना कतारच्या अल रय्यानशी. त्यांचा प्रशिक्षक लॉराँ ब्लाँ, फ्रान्सच्या विश्वविजेत्या संघातला बचावपटू. निकाल ०-०. तीन दिवसांनी अमिरातीच्या अल वहदाशी पुन्हा ०-०. आशियातल्या अंगापिंडाने मजबूत संघांसमोर १८० मिनिटं एकही गोल नाही म्हटल्यावर व्हॉट्सअ‍ॅपवर जो तो बचावाचे गोडवे गाऊ लागला. मीही त्यात होतो, नाकारत नाही.

मग इराणचा पर्सेपोलिस आला, आदल्या स्पर्धेचा उपविजेता. १४व्या मिनिटाला एदू बेदियाने गोल करून गोव्याला पुढे नेलं आणि आमच्या घरात खुर्च्या पडल्या. पुढच्या दहा मिनिटांत सगळं फिरलं. आधी पेनल्टी, मग जलाल हुसैनीचा हेडर. हुसैनी त्यांचा कर्णधार, बचावपटू, वय ३९. सामना १-२ ने गेला. परतीच्या लढतीत तर ०-४. अल रय्यानशी दुसऱ्यांदा गाठ पडली तेव्हा गोवा तिसऱ्या मिनिटापासून पुढे होता आणि ८९व्या मिनिटाला बरोबरी झाली.

पहिल्या दोन सामन्यांतलं शून्य खोटं नव्हतं, पण ते बरंचसं गोलरक्षक धीरज सिंगच्या हातांचं होतं. गोलरक्षक सामनावीर वाटायला लागला, तर चेंडू त्याच्यापर्यंत कसा पोहोचत होता हे विचारावं लागतं. पर्सेपोलिसने वेगळं काही केलं नाही. त्याच वाटेने ते जास्त वेळा आणि जास्त नेमके आले.

आता 'धसमुसळा संघ' म्हणजे काय, तेही बघू, कारण खरा घोटाळा तिथेच आहे. आपल्याकडे समजूत अशी की समोरचे सहा फुटी, आपले नाजूक, खांद्याला खांदा लागला की आपला पडतो. मग उपायही तसाच सुचतो, एक धिप्पाड सेंटर-बॅक, म्हणजे मधला बचावपटू, आणा. २०२३ मध्ये संदेश झिंगन आला तेव्हा अनेकांना वाटलं, आता झालं काम. झिंगन उत्तमच बचावपटू आहे. पण तो येऊन कुठला चेंडू सुधारतो ते पाहा.

गोलरक्षक किंवा मागचा खेळाडू लांब चेंडू मारतो. त्यांचा उंच आघाडीवीर आणि आपला सेंटर-बॅक एकत्र उडी घेतात. हा पहिला चेंडू. तो जिंकायला उंची आणि ताकद लागते, कबूल. पण अशा उडीत चेंडू क्वचितच कुणाच्या ताब्यात जातो. तो डोक्याला लागून दहा-पंधरा मीटरवर कुठेतरी पडतो. तो दुसरा चेंडू, आणि गोल बहुतेक वेळा तिथून सुरू होतो. गोव्याची खेळण्याची पद्धत, प्रशिक्षक सर्जिओ लोबेराच्या काळापासून म्हणा, अशी की दोन्ही कडांचे बचावपटू, म्हणजे फुलबॅक, वर गेलेले आणि मधली फळी पास घेण्यासाठी पसरलेली. चेंडू आपल्या पायांत असेपर्यंत हे सुंदर दिसतं. तो हवेत गेला की जिथे पडणार ती जागा मोकळी. म्हणजे उडीत आपला माणूस जिंकला, तरी पडलेला चेंडू त्यांचाच. टीव्हीवर मात्र शेवटची धक्काबुक्की तेवढी दिसते, म्हणून आपण म्हणतो, ताकदीत हरलो. हरलेलो असतो जागेत.

लोबेराच्या गोव्याने २०१९-२० च्या इंडियन सुपर लीगमध्ये १८ सामन्यांत ४६ गोल केले आणि २३ खाल्ले, गुणतक्त्यात पहिलं येऊन लीग शील्ड जिंकलं. चार गोल मारणाऱ्या संघाने दोन खाल्ले तर कोण तक्रार करतं? मग उपांत्य फेरीत, तेव्हा लोबेरा गेलेला होता, चेन्नईयिनशी चेन्नईत १-४. त्या चारपैकी दोन गोल त्यांच्या सेंटर-बॅकनी केले होते, लुसियन गोइयान आणि एली साबिया. परतीच्या सामन्यात आपण ४-२ ने जिंकलो आणि एकूण ५-६ ने बाहेर पडलो. समोरच्याचे बचावपटू येऊन गोल करू लागले, तर तुमच्या डीमध्ये कोण कुणाला धरतोय याचा हिशेब चुकलेला असतो.

सेट-पीस, म्हणजे कॉर्नर किंवा फ्री किक, म्हटलं की लीगचा २०१९ चा अंतिम सामना निघतोच. बंगळुरूविरुद्ध ११७व्या मिनिटाला कॉर्नर आणि राहुल भेकेचा हेडर, ०-१. पण तेव्हा गोवा दहा जणांनिशी खेळत होता, अहमद जाहूला १०५व्या मिनिटाला बाहेर काढलं होतं. त्या गोलाला मी 'कमकुवत बचावा'चा पुरावा मानत नाही, दमलेल्या दहा जणांचा मानतो. २०१५ चा फातोर्ड्यातला अंतिम सामनाही याच पोत्यात कोंबू नये. तिथे आपण २-१ ने पुढे होतो, मग ९०व्या मिनिटाला स्वयंगोल आणि लगेच चेन्नईयिनच्या मेंडोसाचा गोल. त्याचा ताकदीशी काही संबंध नव्हता. डोकं ठिकाणावर राहिलं नाही, एवढंच.

मला सगळ्यात जास्त लागलेला गोल एका ठेंगण्या माणसाचा आहे. ६ एप्रिल २०२५, लीगची उपांत्य फेरी. पहिला सामना बंगळुरूत ०-२ ने गेलेला. फातोर्ड्यात आपण २-० केलं, ८८व्या मिनिटाला सादिकूने दुसरा मारला तेव्हा माझ्या शेजारच्या अनोळखी काकांनी मला मिठी मारली. जादा वेळ आता होणारच. आणि भरपाई वेळेत उजवीकडून क्रॉस, सुनील छेत्रीचा हेडर, एकूण २-३. छेत्री तेव्हा चाळिशीत, उंची पाच फूट सात इंच. आपल्या सेंटर-बॅकांहून तो कितीतरी बुटका. त्याला कुणी ढकललं नाही, त्याने कुणाला ढकललं नाही. तो योग्य जागी योग्य वेळी होता आणि आपलं कुणी तिथे नव्हतं. धसमुसळ्या संघांविरुद्ध गोवा दुबळा, हा सिद्धांत मोडायला एवढं एक उदाहरण पुरे.

त्याच मोसमात जमशेदपूरचं प्रकरण जास्त शिकवणारं आहे. प्रशिक्षक खालिद जमीलचा तेव्हाचा संघ थेट, अंगावर येणारा, लांब चेंडू मारायला न लाजणारा. सप्टेंबर २०२४ मध्ये ते फातोर्ड्यात आले आणि भरपाई वेळेतल्या गोलने २-१ जिंकून गेले. ३ मे २०२५ ला भुवनेश्वरमध्ये सुपर कपच्या अंतिम सामन्यात त्याच जमशेदपूरला आपण ३-० ने हरवलं. बोर्हा हेरेराचे दोन, देयान द्राझिचचा एक. मामेभाऊ हे दोन निकाल शेजारी ठेवून म्हणतो, 'आधी गळत होतं, आता नाही.'

मला तसं वाटत नाही. भुवनेश्वरमध्ये बोर्हाने पूर्वार्धातच गोल केला, आणि मागे पडलेल्या जमशेदपूरला आपली मोर्चेबंदी सोडून पुढे यावं लागलं. जो संघ वाट बघत बसून लांब चेंडूवर मारतो, त्याला त्याचा आवडता खेळ खेळूच दिला नाही. हीसुद्धा कला आहे, कमी लेखत नाही. कदाचित गोव्यासाठी हाच खरा उपाय असेल. पण याला बचाव झाकणं म्हणतात, शाकारणं नाही. झाकलेल्या छपरावर ताडपत्री असते तोवर ठीक.

ती ताडपत्री त्याच वर्षी आशियात उडाली. आशियातल्या दुसऱ्या दर्जाच्या क्लब स्पर्धेत, एएफसी चॅम्पियन्स लीग टूमध्ये, इराकच्या अल झवराने फातोर्ड्यात २-० केलं. सौदीचा अल नस्र आला तेव्हा रोनाल्डो आला नाही, त्याबद्दल लोकांनी जेवढी हळहळ केली त्याच्या निम्मीही पहिल्या अर्ध्या तासातल्या दोन गोलांबद्दल केली नाही. १०व्या आणि २७व्या मिनिटाला ते गोल बसले. मग ब्रायसन फर्नांडिसने एक फेडला आणि पुढचा तासभर अल नस्रला तिसरा करता आला नाही. तो तास मी दोनदा पाहिला. त्यात फुलबॅक एकाच वेळी वर जात नव्हते आणि दुसऱ्या चेंडूखाली कुणीतरी उभं होतं. त्या संध्याकाळपुरती ती दुरुस्तीच होती, फक्त अर्धा तास उशिरा. दोन आठवड्यांनी रियाधमध्ये मात्र ०-४.

"गोव्याचा फुटबॉल मुळातच नाजूक", हे ऐकलं की मला राग येतो. प्रशिक्षक आर्मांडो कुलासोंच्या धेंपो या गोव्याच्याच क्लबने पास देत खेळूनच पाच राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली आणि मागे बचावात समीर नाईक, महेश गवळी उभे होते. नाजूक कोण होतं त्यात?

तर ईस्ट बंगालविरुद्धची ती १२० मिनिटं. मी त्यांना एक चांगला सामना म्हणतो. दुरुस्ती म्हणायची तर मला सलग काही सामने हवेत, त्यातही असे की समोरचा लांब चेंडू मारतोय, आपण पुढे नाही आणि घड्याळ ८०च्या पुढे गेलंय. मामेभावाला हा शुद्ध रडेपणा वाटतो. आमचं एवढंच ठरलंय की पुढच्या सामन्यात कॉर्नरच्या वेळी तो चेंडू बघेल आणि मी लांबच्या खांबाकडे.