कंपनी परदेशी, म्हणून दावाच नाही? चूक आहे हे

फवारणीचे दिवस आले की आमच्याकडे पारावर एक वाक्य हमखास ऐकू येतं: "औषधाची कंपनी परदेशातली, तिच्यावर आपण काय दावा करणार?" या समजापायी कित्येक घरं गप्प बसली. म्हणून हे स्पष्ट लिहितो. दावा करता येतो.

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात डोक्याइतक्या पऱ्हाटीत (कापसाच्या पिकात) फवारणी करताना शेतकरी-मजुरांना विषबाधा झाली, अनेक दगावले. त्यातल्याच दोन विधवा आणि एका वाचलेल्या शेतकऱ्याने २०२० मध्ये औषधाच्या कंपनीविरुद्ध थेट स्वित्झर्लंडमधल्या बाझेल शहरात दाद मागितली. तसंच झांबियातल्या गावकऱ्यांचा, लंडनमधल्या मूळ कंपनीवरचा नदीप्रदूषणाचा दावा लंडनमध्ये चालू शकतो, असं ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितलं.

"हेगच्या कोर्टात जाऊ" असंही काही जण म्हणतात. तिथलं आंतरराष्ट्रीय न्यायालय फक्त देशादेशांतले खटले ऐकतं.

खरी अडचण वेगळीच आहे. सगळ्या देशांना लागू असा एकच भरपाईचा कायदा नाही. युरोपात १९९३ मध्ये तसा करार झाला, पण तो कधी अमलातच आला नाही. त्यामुळे मुदतीही वेगळ्या. आपल्या हरित न्यायाधिकरणात (पर्यावरणाचे खटले ऐकणारं कोर्ट) भरपाईसाठी पाच वर्षं, तर स्वित्झर्लंडच्या सदोष उत्पादनाच्या कायद्यात नुकसान आणि उत्पादक कळल्यापासून तीनच.

मुदत संपते ती अशी, आपण पारावर बसलेले असताना. म्हणून कोठ्यात फेकलेला रिकामा डबा लेबलासकट जपा (लेकरांपासून दूर), कृषी केंद्राची पावती आणि दवाखान्याचे कागदही.